एकच आणि एकत्र : मुलामुलींच्या वेगळ्या वर्गांविषयीचा जुना वाद आणि क्लेटनचे पालक

मेलबर्न शहराच्या आग्नेयेस सुमारे वीस किलोमीटरवर असलेले क्लेटन हे उपनगर मोनाश विद्यापीठामुळे आणि त्याला जोडलेल्या रुग्णालय व संशोधन संस्थांमुळे ओळखले जाते. १९६१ साली विद्यापीठाचे वर्ग येथे सुरू झाले आणि पुढच्या काळात जगभरातून आलेल्या कुटुंबांनी हा परिसर भरून गेला. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. मूल सहावीच्या आसपास पोहोचले की या घरांमध्ये माध्यमिक शाळेची चर्चा सुरू होते. शाळा सरकारी असावी की खासगी, प्रवेश परीक्षेची तयारी करावी की नाही, घर कोणत्या शाळेच्या हद्दीत घ्यावे, असे अनेक प्रश्न त्या चर्चेत असतात. त्यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न हमखास येतो : मुलाला मुलांच्या आणि मुलीला मुलींच्या शाळेत घालावे, की दोघांनी एकत्र शिकावे?

ऑस्ट्रेलियात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. येथील कायदा लिंगाच्या आधारे भेदभावास मनाई करतो. मात्र फक्त मुलांसाठी किंवा फक्त मुलींसाठी शाळा चालवण्यास सूट देतो. व्हिक्टोरिया राज्याच्या २०१० च्या समान संधी कायद्यातही ही सूट आहे. त्यामुळे दोन्ही प्रकारच्या शाळा शेजारीशेजारी नांदतात आणि निर्णयाचा भार पालकांवर येतो. महाराष्ट्रात याच विषयावर सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी जो वाद झाला, त्यातून हाती आलेली एक कसोटी आजही उपयोगी पडते. म्हणून आजचे पर्याय, तो जुना वाद आणि आधुनिक संशोधन या तिन्हींकडे एकत्र पाहणे उचित ठरेल.

क्लेटनच्या परिघातील पर्याय

क्लेटनच्या आसपास जवळपास प्रत्येक नमुना उपलब्ध आहे. वेस्टॉल, ग्लेन वेव्हर्ली आणि माउंट वेव्हर्ली येथील सरकारी माध्यमिक शाळांत मुलेमुली एकत्र शिकतात. कॅथलिक शाळांमध्ये मलग्रेव्हचे माझेनॉड कॉलेज मुलांसाठी, तर माउंट वेव्हर्लीचे अव्हिला कॉलेज आणि ह्यूजडेलचे सेक्रेड हार्ट गर्ल्स कॉलेज मुलींसाठी आहे. ग्लेन वेव्हर्ली येथे शाखा असलेले वेस्ली कॉलेज एकेकाळी केवळ मुलांचे होते. १९७८ पासून तेथे मुलींनाही प्रवेश मिळू लागला.

प्रवेश परीक्षेद्वारे विद्यार्थी निवडणाऱ्या चार सरकारी शाळांची रचनाही लक्षात घेण्यासारखी आहे. साउथ यारा येथील मेलबर्न हायस्कूल मुलांचे आहे, मॅकरॉबर्टसन गर्ल्स हायस्कूल मुलींचे आहे. बेरिक येथील नॉसल हायस्कूल २०१० मध्ये आणि वेरिबी येथील सुझॅन कोरी हायस्कूल २०११ मध्ये सुरू झाले. या दोन्हींमध्ये सहशिक्षण आहे. स्वतंत्र प्रवेशपद्धती असलेली जॉन मोनाश सायन्स स्कूल ही शाळा २०१० पासून क्लेटनमधील विद्यापीठाच्या आवारातच दहावी ते बारावीचे वर्ग चालवते आणि तेथेही मुलेमुली एकत्र शिकतात. म्हणजे या शतकात सरकारने निवडक विद्यार्थ्यांसाठी नव्या शाळा काढल्या, तेव्हा त्या एकत्रच काढल्या.

मेलबर्न हायस्कूलचा इतिहासही या संदर्भात बोलका आहे. १९०५ मध्ये स्प्रिंग स्ट्रीटवर ही शाळा सुरू झाली, तेव्हा ती मुलामुलींची एकत्र शाळा होती. १९२७ मध्ये मुले साउथ याराच्या नव्या इमारतीत गेली आणि मुली मागे राहिल्या. मुलींना स्वतःची नवी वास्तू मिळण्यास १९३४ साल उजाडावे लागले. चॉकलेट उद्योजक मॅकफर्सन रॉबर्टसन यांनी राज्याच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या एक लाख पौंडांच्या देणगीतून ती उभी राहिली. वेगळे झाल्यावर कोणाची सोय आधी झाली, हे या सात वर्षांच्या अंतरावरून दिसते.

या सर्वांहून निराळा नमुना क्लेटनच्या दक्षिणेस कीजबरो येथे आहे. १८९२ साली स्थापन झालेल्या हेलीबरी शाळेने २००६ पासून मुलींना प्रवेश देताना ‘समांतर शिक्षण’ ही पद्धत स्वीकारली. लहान वर्गांत मुलेमुली एकत्र बसतात. पाचवीपासून त्यांचे वर्ग वेगळे होतात. आवार, अभ्यासक्रम आणि संस्था मात्र एकच राहते. वर्ग वेगळे ठेवूनही मुलामुलींचा सहवास टिकवता येतो, अशी या पद्धतीमागची भूमिका आहे. माध्यमिक वर्गांचे वार्षिक शुल्क तीस हजार डॉलरच्या वर असल्याने हा पर्याय सर्वांच्या आवाक्यातला नाही. तरीही ‘वेगळी शाळा’ आणि ‘वेगळा वर्ग’ या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यामुळे स्पष्ट होते.

आगरकरांनी जोडलेले दोन मुद्दे

महाराष्ट्रात मुलींच्या शिक्षणाची सुरुवात वेगळ्या शाळांनीच झाली. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. मुलगी घराबाहेर पडणे हेच जेथे बंड होते, तेथे मुलांच्या शाळेत तिला पाठवण्याचा विचार करणेही अवघड होते. वेगळी शाळा ही त्या काळी मुलीला घरातून शिक्षणापर्यंत नेणारी एकमेव वाट होती. १८८४ मध्ये पुण्यातच न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आदींच्या पुढाकाराने मुलींचे हायस्कूल सुरू झाले. हीच पुढे हुजूरपागा म्हणून नावारूपास आलेली शाळा. तेथे इंग्रजी, गणित आणि शास्त्रविषय शिकवले जाऊ लागले आणि वादाला तोंड फुटले. ‘मराठा’ आणि ‘केसरी’ या पत्रांतून लोकमान्य टिळकांच्या पक्षाने या अभ्यासक्रमावर आणि शाळेच्या वेळांवर टीका केली. मुलींनी शाळेत जाऊ नये, असा या टीकेचा रोख नव्हता. मुलींना मुलांसारखेच शिकवून त्यांच्या गृहकर्तव्याचे काय होणार, असा तिचा सूर होता. शाळा वेगळी असूनही शिक्षण सारखे झाले, ही बाब त्या काळच्या समाजाला अधिक खुपली.

या पार्श्वभूमीवर गोपाळ गणेश आगरकरांची भूमिका उठून दिसते. १८८८ मध्ये सुरू केलेल्या ‘सुधारक’ पत्रातून त्यांनी स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, असा आग्रह धरला. या मांडणीत दोन स्वतंत्र मागण्या आहेत. पहिली मागणी ‘एकच’ शिक्षणाची, म्हणजे विषय, दर्जा आणि अपेक्षा यांत फरक नसण्याची. दुसरी मागणी ‘एकत्र’ शिक्षणाची, म्हणजे एकाच छताखाली शिकण्याची. स्त्रीचे कार्यक्षेत्र जन्मतःच वेगळे ठरलेले आहे, हे गृहीतकच आगरकरांना मान्य नव्हते. त्यामुळे तिच्यासाठी वेगळा अभ्यासक्रम आखण्याचे कारणही त्यांना दिसत नव्हते.

आजच्या चर्चांत या दोन मुद्द्यांची नेहमी गल्लत होते. ‘मुलींची शाळा चांगली की वाईट’ असे विचारले जाते, तेव्हा बहुधा ‘एकत्र’बद्दल बोलणे चालते आणि ‘एकच’चा प्रश्न मागे राहतो. प्रत्यक्षात इतिहासाने चारही शक्यता पाहिल्या आहेत. वेगळी शाळा आणि सारखे शिक्षण. वेगळी शाळा आणि वेगळे शिक्षण. एकत्र शाळा आणि सारखे शिक्षण. आणि एकत्र शाळा पण प्रत्यक्षात वेगळे शिक्षण. यांतील शेवटची शक्यता सर्वांत कमी दिसते आणि म्हणूनच तिच्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

हिंगण्यापासून मेलबर्नपर्यंत

‘वेगळी शाळा आणि वेगळे शिक्षण’ या विचाराचे महाराष्ट्रातील सर्वांत प्रामाणिक आणि भव्य रूप महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या कार्यात आढळते. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम आणि १९०७ मध्ये महिला विद्यालय स्थापन केल्यानंतर, जपानमधील महिला विद्यापीठाच्या आदर्शावरून त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केले. स्वतः फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असलेल्या कर्व्यांनी या विद्यापीठात मातृभाषेला माध्यमाचे स्थान दिले आणि गृहविज्ञान, आरोग्य यांसारख्या विषयांना महत्त्व दिले. बहुसंख्य स्त्रियांचे आयुष्य जसे आहे, त्याला उपयोगी पडेल असे शिक्षण आधी त्यांच्यापर्यंत पोहोचावे, हा त्यामागचा व्यावहारिक विचार होता. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी दिलेल्या पंधरा लाख रुपयांच्या देणगीनंतर त्याला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. मराठी घरांत ते आज एसएनडीटी या नावाने परिचित आहे.

त्याच काळात मेलबर्नमध्येही फार वेगळे चित्र नव्हते. १९०६ मध्ये तेथे गृहअर्थशास्त्राचे महाविद्यालय स्थापन झाले आणि १९२७ मध्ये ते एमिली मॅकफर्सन कॉलेज या नावाने नव्या इमारतीत गेले. स्वयंपाक, शिवण आणि घरव्यवस्था हे तेथील अभ्यासाचे विषय होते. मुलांना तंत्रशिक्षण आणि मुलींना गृहशिक्षण, ही विभागणी व्हिक्टोरियाच्या शाळांतही दीर्घकाळ टिकली. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या शालेय आयोगाने ‘गर्ल्स, स्कूल अँड सोसायटी’ हा अहवाल प्रसिद्ध करून शाळाच मुलींच्या वाटा कशा अरुंद करतात, याकडे देशाचे लक्ष वेधले.

कर्व्यांच्या संस्थेची पुढची वाटचाल मात्र या वादाला अनपेक्षित उत्तर देणारी आहे. हिंगण्याच्या त्या आश्रमातून वाढलेल्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ मध्ये पुण्यातील कर्वेनगर येथे फक्त मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. कमिन्स महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते. तेथील विद्यार्थिनी कोणत्याही सहशिक्षण महाविद्यालयातील विद्यार्थ्यांप्रमाणेच विद्यापीठाची अभियांत्रिकी पदवी घेऊ लागल्या. संस्था वेगळीच राहिली, शिक्षण मात्र एकच झाले. आगरकरांची अर्धी मागणी कर्व्यांच्याच संस्थेने पूर्ण केली. वेगळेपणाचे मूल्य त्या वेगळेपणाच्या आत काय शिकवले जाते यावर ठरते, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा सापडणे कठीण आहे.

संशोधन काय सांगते

दरवर्षी डिसेंबरमध्ये व्हीसीईचे निकाल लागले की शाळांच्या क्रमवारीच्या याद्या फिरू लागतात. या याद्यांच्या वरच्या भागात मुलींच्या आणि मुलांच्या वेगळ्या शाळा ठळकपणे दिसतात. त्यावरून ‘वेगळ्या शाळेत मुले अधिक गुण मिळवतात’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु मेलबर्न हायस्कूल आणि मॅकरॉबर्टसन येथे परीक्षा घेऊनच विद्यार्थी निवडले जातात आणि अनेक खासगी शाळांचे शुल्कच एक प्रकारची चाळणी असते. मुळात कोण आत आले, याचा हिशेब न घेता शाळेच्या रचनेला श्रेय देणे चुकीचे ठरते.

हा हिशेब घेण्याचा सर्वांत व्यापक प्रयत्न २०१४ मध्ये झाला. एरिन पाल्के, जॅनेट हाइड आणि कार्ली ॲलिसन या संशोधकांनी २१ देशांतील १८४ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. त्यांत १६ लाख विद्यार्थ्यांची माहिती होती. पार्श्वभूमीचा विचार न करणाऱ्या अभ्यासांत वेगळ्या शाळांचा काहीसा लाभ दिसत होता. पार्श्वभूमी लक्षात घेणाऱ्या काटेकोर अभ्यासांत मात्र हा लाभ नगण्य ठरला. आयर्लंडमध्ये सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी अजूनही वेगळ्या शाळांत शिकतात. तेथील पिसा परीक्षेच्या माहितीवर झालेल्या अलीकडच्या अभ्यासातही हेच आढळले. वरवर दिसणारी गुणांतील तफावत कुटुंब आणि शाळा यांची पार्श्वभूमी जमेस धरताच उरत नाही.

तरीही वाद येथे संपत नाही. पालकांच्या निवडीचा प्रभाव पूर्णपणे टाळायचा असेल तर मुलांना चिठ्ठ्या टाकून शाळा मिळाली पाहिजे. दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल येथे दीर्घकाळ असेच होत असे. विभागातील शाळांमध्ये विद्यार्थ्यांचे वाटप सोडतीने केले जाई. त्या माहितीचा अभ्यास करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वेगळ्या शाळांतील मुलामुलींचे भाषाविषयांतील गुण आणि चार वर्षांच्या महाविद्यालयात जाण्याचे प्रमाण अधिक आढळले.

कॅरिबियन बेटांवरील त्रिनिदाद आणि टोबॅगोचे उदाहरण आणखी उद्बोधक आहे. अर्थशास्त्रज्ञ किराबो जॅक्सन यांनी २०१२ मध्ये तेथील प्रवेशपद्धतीचा अभ्यास करून सांगितले की बहुतेक विद्यार्थ्यांना वेगळ्या शाळेचा फायदा होत नाही. ज्या मुलींनी अशी शाळा मनापासून मागितली होती, त्यांना थोडा लाभ झाला. मात्र मुलींच्या शाळांत विज्ञान विषय घेण्याचे प्रमाण कमी दिसले. २०१० मध्ये तेथील सरकारने निकाल कमकुवत असलेल्या २० सहशिक्षण शाळांचे रूपांतर वेगळ्या शाळांत केले, तेव्हा त्याच जॅक्सन यांना वेगळे चित्र दिसले. मुलामुलींचे गुण वाढले, मुलांच्या अटकेचे आणि मुलींच्या अल्पवयीन मातृत्वाचे प्रमाण घटले. एकाच देशात, एकाच संशोधकाला दोन भिन्न उत्तरे मिळावीत, यात विसंगती नाही. पहिल्या अभ्यासात आधीच स्थिरावलेल्या शाळा होत्या, दुसऱ्यात अडचणीत सापडलेल्या. त्यामुळे ‘वेगळे शिक्षण चांगले का’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ते कोणासाठी, कोणत्या शाळेत आणि कशाच्या बदल्यात, असे विचारले तरच उत्तर हाती लागते.

क्लेटनच्या पालकांची स्थिती या दुसऱ्या अभ्यासातील कुटुंबांसारखी नाही. घरात पुस्तके आहेत, आईवडील उच्चशिक्षित आहेत, परिसरातील सरकारी शाळाही सक्षम आहेत. अशा कुटुंबांच्या बाबतीत केवळ वर्ग वेगळे केल्याने गुणांत मोठी भर पडेल, असे मानण्यास आधार नाही.

वर्गाच्या आत काय घडते

गुणांची सरासरी सारखी असली तरी वर्गाच्या आतला अनुभव सारखा असतोच असे नाही. स्वित्झर्लंडमधील एका माध्यमिक शाळेत मुलींना निवडीविना काही मिश्र वर्गांत आणि काही फक्त मुलींच्या वर्गांत बसवले जात असे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की फक्त मुलींच्या वर्गातील विद्यार्थिनी गणितात अधिक चांगल्या ठरल्या आणि स्वतःच्या गणिती क्षमतेवरचा त्यांचा विश्वासही वाढला. जर्मन भाषेच्या बाबतीत मात्र असा फरक पडला नाही. म्हणजे ज्या विषयावर ‘हा मुलांचा विषय’ असा शिक्का बसला आहे, तेथेच वेगळ्या वर्गाचा उपयोग झाला.

हा शिक्का ऑस्ट्रेलियातही पुसला गेलेला नाही. व्हीसीईच्या फिजिक्स आणि स्पेशालिस्ट मॅथेमॅटिक्स या विषयांत मुलांची संख्या ठळकपणे अधिक असते, तर साहित्य, मानसशास्त्र आणि जीवशास्त्रात मुलींची. विषय सर्वांना खुले आहेत, कोणी कोणाला अडवलेले नाही. तरी वाटा वेगळ्या होतात. ‘एकत्र शाळा पण प्रत्यक्षात वेगळे शिक्षण’ ही शक्यता या ठिकाणी दिसते. मोनाश विद्यापीठात हेलन फोर्गझ आणि गिला लीडर यांनी गणित आणि लिंगभाव या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले आहे. क्षमतेइतकाच अपेक्षांचा प्रश्न महत्त्वाचा असतो, याकडे या संशोधनक्षेत्राने सातत्याने लक्ष वेधले आहे. पालक, शिक्षक आणि सोबती कोणाकडून काय अपेक्षितात, याचे पडसाद विषयनिवडीत उमटतात.

महाराष्ट्रातील मिश्र शाळांत शिकलेल्या पिढीला याचे एक दृश्य रूप चांगलेच परिचित असेल. वर्ग एकच, पण एका बाजूला मुलांचे बाक आणि दुसऱ्या बाजूला मुलींचे. प्रश्नोत्तरे, चिडवाचिडवी, मैत्री सारेच त्या मधल्या वाटेच्या अलीकडे किंवा पलीकडे. अशा वर्गाला सहशिक्षण म्हणायचे ते केवळ हजेरीपटावरून.

मुलांच्या बाजूचाही विचार आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियाच्या नॅपलॅन चाचण्यांत वाचन आणि लेखनात मुली सरासरीने पुढे असतात, तर अंकज्ञानात मुलांची थोडी आघाडी असते. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने मुलांच्या शिक्षणाविषयी ‘बॉइज : गेटिंग इट राइट’ हा अहवाल दिला, तो याच चिंतेतून. मग मुलांना वेगळे बसवून वाचनाची गोडी लावावी का? इस्रायलमधील व्हिक्टर लाव्ही आणि ॲनालिया श्लोसर यांच्या २०११ मधील अभ्यासाने येथे पेच निर्माण केला आहे. वर्गात मुलींचे प्रमाण वाढले की मुले आणि मुली दोघांचीही कामगिरी सुधारते, असे त्यांना आढळले. कारण वर्गातील गोंधळ कमी होतो आणि शिक्षकांवरील ताण हलका होतो. हे खरे असेल तर मुलींना वेगळे काढल्यावर त्यांचा फायदा होईल, पण मागे राहिलेल्या मुलांचे नुकसान होईल. एका कुटुंबाचा शहाणा निर्णय आणि समाजाचे हित यांची दिशा नेहमी एकच असेल असे नाही.

गुणांपलीकडचा हिशेब

अलीकडे ऑस्ट्रेलियात या वादाला गुणांपेक्षा वेगळ्या कारणाने धार आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये शनेल कॉन्टोस या तरुणीने शाळांत लैंगिक संमतीविषयीचे शिक्षण लवकर आणि नीट दिले जावे, यासाठी याचिका सुरू केली. सिडनीतील खासगी शाळांत शिकलेल्या हजारो तरुणींनी शालेय वयात सोसलेल्या लैंगिक अत्याचारांच्या हकिगती त्यानिमित्ताने पुढे आल्या. एका वर्षाने शिक्षणमंत्र्यांनी संमतीविषयक शिक्षण राष्ट्रीय अभ्यासक्रमात अनिवार्य करण्याचे मान्य केले आणि २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. असे प्रकार मिश्र शाळांतही घडतात, हे खरेच. तथापि, ज्या मुलाने बारा वर्षे वर्गात एकाही मुलीशी मतभेद केला नाही, तिच्याकडून गणित समजून घेतले नाही किंवा तिच्या नेतृत्वाखाली काम केले नाही, तो समानतेचा धडा कोठे गिरवणार, हा प्रश्न मुलांच्या शाळांना स्वतःलाच पडू लागला.

सिडनीच्या न्यूइंग्टन कॉलेजने २०२३ च्या अखेरीस टप्प्याटप्प्याने पूर्ण सहशिक्षणाकडे जाण्याचा निर्णय जाहीर केला. माजी विद्यार्थ्यांपैकी काहींनी निदर्शने केली आणि वाद न्यायालयात गेला. शाळेच्या एकोणिसाव्या शतकातील विश्वस्तपत्रात ‘यूथ’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ केवळ मुलगे की सर्व तरुण, यावर युक्तिवाद झाले. एका शब्दाच्या अर्थावर शाळेचे भवितव्य लटकावे, हे विलक्षण वाटले तरी त्यामागचा प्रश्न जुनाच आहे : शिक्षणसंस्था कोणाच्या मालकीची, आणि ‘आपली मुले’ म्हणताना त्यांत कोण मोजले जाते?

याउलट मुलींच्या शाळांच्या बाजूनेही ठोस मुद्दे आहेत. तेथे वादविवाद मंडळाची प्रमुख मुलगीच असते, रोबोटिक्सच्या गटात स्क्रूड्रायव्हर मुलीच्याच हाती असतो आणि क्रिकेटच्या मैदानाची वेळ मुलांनी आधी घेतलेली नसते. काही मुलींना या मोकळेपणाची खरोखर गरज असते. मात्र मुलगा आणि मुलगी या दोनच चौकटींत जी मुले सहज बसत नाहीत, त्यांचे काय, हा प्रश्न अशा प्रत्येक शाळेला आता सोडवावा लागतो. एका गटाला मोकळीक देणारी भिंत दुसऱ्या कोणाला बाहेर ठेवत असते.

पालकांनी कोणती कसोटी लावावी

या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष असा की ‘एकत्र की वेगळे’ हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न ‘एकच का’ हा आहे. शाळांच्या खुल्या दिवशी पालक प्रयोगशाळा आणि जलतरण तलाव पाहतात. त्याऐवजी काही साध्या चौकशा अधिक काही सांगून जातात. मिश्र शाळेत विचारावे : मागील वर्षी फिजिक्स आणि स्पेशालिस्ट मॅथेमॅटिक्सच्या वर्गात किती मुली होत्या? साहित्य आणि परभाषेच्या वर्गात किती मुले होती? मुलींच्या शाळेत विचारावे : हे विषय शाळेतच शिकवले जातात का, की विद्यार्थिनी कमी म्हणून दुसरीकडे पाठवले जाते? मुलांच्या शाळेत विचारावे : मुलींबरोबर काम करण्याची संधी नाटक आणि नृत्यसमारंभ यांपलीकडे कोठे मिळते? समांतर वर्गांच्या शाळेत विचारावे : दोन्ही बाजूंच्या वर्गांना तेच शिक्षक, तेच प्रकल्प आणि तीच आव्हाने मिळतात का?

शेवटची चौकशी शाळेकडे नव्हे, स्वतःच्या घरात करावी लागते. मराठी कुटुंबांत मुलासाठी वेगळी शाळा निवडण्याचे कारण बहुधा महत्त्वाकांक्षेचे असते : मेलबर्न हायस्कूलमधील स्पर्धा, पुढे वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीचा प्रवेश. मुलीसाठी वेगळी शाळा सुचवली जाते तेव्हा मात्र अनेकदा सुरक्षिततेचा, ‘लक्ष विचलित होऊ नये’ याचा, परक्या देशातील मैत्रीच्या रीतीभातींविषयीच्या धास्तीचा सूर लागतो. ही काळजी खोटी म्हणता येणार नाही. पण भावाची शाळा त्याच्या आकांक्षेवरून आणि बहिणीची शाळा तिच्याविषयीच्या भीतीवरून ठरत असेल, तर दोघांना एकच शिक्षण मिळत नाही. मग त्या शाळा कितीही नामांकित असोत. आणि ही विषमता तेरा वर्षांच्या मुलीला, कोणी काही न बोलताही, नेमकी कळते.

मुलीला स्वतःला मुलींची शाळा हवी असेल, तेथे तिला बोलण्यास, चुकण्यास आणि नेतृत्व करण्यास अधिक वाव मिळत असेल, तर तो निर्णय योग्य ठरू शकतो. ज्या मुलींनी अशी शाळा मनापासून मागितली त्यांनाच तिचा लाभ झाला, हे त्रिनिदादच्या पहिल्या अभ्यासाचे निरीक्षण येथे ध्यानात घ्यावे. भाऊबहीण जॉन मोनाशमध्ये एकाच प्रयोगशाळेत काम करणार असतील, तर तोही निर्णय योग्यच. मुलाचे मत विचारणे मात्र दोन्ही ठिकाणी आवश्यक आहे, कारण शाळेत रोज जायचे आहे ते त्यालाच.

भिडेवाड्यातील शाळा वेगळी होती, कारण त्या वेळी वेगळेपणाशिवाय शिक्षणच शक्य नव्हते. क्लेटनमधील मुलीपुढे ती सक्ती नाही. तिच्यासाठी दोन्ही दारे उघडी आहेत. त्यामुळे येथे वेगळी शाळा ही सवय किंवा प्रतिष्ठा म्हणून निवडली जाऊ नये, तिचे कारण सांगता आले पाहिजे. ते कारण मुलाला आणि मुलीला एकाच शब्दांत सांगता येत असेल, तर ती शाळा एकत्र असो वा वेगळी, पालकांचा निर्णय बहुधा चुकलेला नसतो.